उर्वरित महाराष्ट्रातील एक गाव

ठाणे जिल्ह्यातील शहापुरातून बाहेर पडून मुरबाडच्या दिशेने निघालेला रस्ता जेथे भातसा नदी ओलांडतो, तेथे सापगाव आहे. वरच्या अंगाच्या भातसा धरणातून सोडलेले पाणी या गावच्या पुलाखालून वाहत भिवंडी तालुक्यातील पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून उचलले जाऊन मुंबईच्या नळांत पोहोचते. महानगराच्या पिण्याच्या पाण्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे, आणि तानसा जलाशयही याच तालुक्यात आहे. ज्या तालुक्याने मुंबईची तहान भागवावी त्याच्याच वाड्यापाड्यांनी चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी, ही विसंगती वृत्तपत्रांनी इतक्या वेळा छापली आहे की तिची पुनरुक्ती करण्याचे कारण उरलेले नाही. प्रस्तुत लेख दुसऱ्या एका हिशेबाविषयी आहे, जो पाण्यासारखा डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून त्याची चर्चाही फारशी झालेली नाही. सरकारी महाविद्यालयांतील मोजक्या जागा वाटताना ‘हा विद्यार्थी मूळचा कोठला’ हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात सातत्याने विचारला गेला. त्याच्या उत्तरासाठी कधी राज्याची, कधी विभागाची, कधी विद्यापीठाच्या क्षेत्राची सीमा प्रमाण मानली गेली. आणि यांतील प्रत्येक सीमा अशी आखली गेली की शहापूर-मुरबाडचा डोंगरपट्टा आणि मुंबई शहर ही दोन्ही तिच्या एकाच बाजूस पडली.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कोणी विचारीत नसे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचा अंमल सबंध मुंबई इलाख्यावर होता. सिंध, गुजरात, कर्नाटकातील कानडी जिल्हे, कोकण आणि देश, या सर्व मुलखांतील विद्यार्थी एकाच प्रवेश परीक्षेला बसत, आणि कराचीच्या मुलाला आपण मुंबईचे रहिवासी असल्याचा दाखला कोणापुढे रुजू करावा लागत नसे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून चालू होते, पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अंमलदार तयार करणारा अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मध्ये निघाला होता, आणि १८६१ पर्यंत लोहमार्ग आसनगावावरून कसाऱ्याला पोहोचला होता; म्हणजे शहापूर तालुका ज्या नावाने तेव्हा ओळखला जाई त्या कोळवणातील एखाद्या मुलाच्या मनात आले असते, तर तो आगगाडीत बसून काही तासांत विद्यापीठाच्या दारी उभा राहू शकला असता. तसे घडले नाही. कोळवणात शिकण्यासाठी शाळा नव्हत्या, ज्यांच्या हाती जमिनी होत्या त्यांची मुले निराळ्या गावी वाढत होती, आणि ठाकूर-कातकऱ्यांचा सरकारशी येणारा संबंध जंगलखात्याचे शिपाई आणि सावकाराचे कारकून यांच्यापुरता होता. दारिद्र्य आणि जात यांनी दार इतके पक्के लावून घेतले होते की अधिवासाचा वेगळा अडसर लावण्याची कोणाला आवश्यकताच भासली नाही.

असा अडसर प्रथम पाहायचा तर निजामाच्या राज्यात जावे लागते. हैदराबाद संस्थानात बाहेरून आलेले, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातील, अधिकारी सरकारी जागा बळकावून बसतात ही तक्रार जुनी होती. तिच्या निवारणार्थ १९१९ साली निघालेल्या फर्मानाने ‘मुलकी’ कोणास म्हणावे हे ठरवून दिले. जन्माने संस्थानची प्रजा असलेला तो मुलकी होताच. पण बाहेरून आलेल्यानेही संस्थानात पंधरा वर्षे कायम वास्तव्य केले असेल आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले असेल तर त्यासही मुलकी समजले जाई. नियम नोकऱ्यांपुरते होते, शिक्षणासाठी नव्हेत. तथापि माणसाच्या वास्तव्याची मुदत मोजून त्याच्या हक्काचे माप ठरविण्याची ही रीत मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांनी चांगली अनुभवली होती, आणि १९५६ साली ते जिल्हे मुंबई राज्यात आले तेव्हा ‘आमच्या जागा आमच्या मुलांना’ ही भाषा त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला देताना सामान्यतः पंधरा वर्षांचेच वास्तव्य पाहिले जाते. दोन्हीकडे आकडा एकच आला हा योगायोग असेल. पण त्यामागील विचाराचा चेहरा ओळखीचा आहे. तेलंगणात तर या मुलकी प्रश्नावरून पुढे मोठी आंदोलने झाली, १९७३ मध्ये घटनेत ३७१-ड हे कलम घालावे लागले, आणि त्याखालील १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आंध्र प्रदेशातील विद्यापीठांच्या ८५ टक्के जागा ‘स्थानिक’ उमेदवारांस राखून ठेवल्या.

भारतीय संघराज्याच्या न्यायालयीन इतिहासात या वादाचा आरंभ मात्र मराठी माणसाला परिचित असलेल्या दुसऱ्या एका शहरात, इंदुरात, झाला. तेथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या खऱ्याखुऱ्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना ती भरावी लागे. दिल्लीचे रहिवासी असलेल्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने थेट सर्वोच्च न्यायालयात या भेदभावाविरुद्ध दाद मागितली. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने राज्यास ज्या कारणांवरून भेद करण्यास मनाई केली आहे त्यांत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही पाच आहेत; वास्तव्य हे त्यांत नाही. सोळाव्या अनुच्छेदात, जेथे सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न आहे तेथे, ‘निवास’ हा शब्द घटनाकारांनी मुद्दाम घातलेला आहे; शिक्षणाच्या बाबतीत तो घातला नाही. या मौनाचा अर्थ काय लावावयाचा, यावर १९५५ मधील निकाल उभा राहिला. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी बहुमताचा निर्णय लिहिताना जन्मस्थान आणि वास्तव्य या भिन्न गोष्टी असल्याचे सांगितले, आणि राज्याने आपल्या तिजोरीतून चालविलेल्या महाविद्यालयात आपल्या रहिवाशांना सवलत देणे गैर नाही, कारण शिकून बाहेर पडल्यावर ते त्याच राज्यात वैद्यकी करण्याचा संभव अधिक, असे तर्कशास्त्र मांडले. पाचांपैकी एक न्यायमूर्ती, जगन्नाथदास, यांनी विरुद्ध मत नोंदविले.

या निर्णयाच्या पोटात एक विनोद दडलेला आहे. ज्या मध्य भारत राज्याच्या रहिवाशांचा विशेष हक्क न्यायालयाने मान्य केला, ते राज्यच पुढील वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मध्य प्रदेशात विलीन होऊन नकाशावरून पुसले गेले. तोच दिवस मुंबई राज्याला मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ जोडणारा आणि कानडी जिल्हे त्यापासून तोडणारा ठरला. आणि साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, तेही राज्य दुभंगले. सापगावच्या शेतकऱ्याने या अवधीत आपले घर कोठेही हलविले नाही. तरी तो मुंबई इलाख्याचा, मुंबई राज्याचा, द्विभाषिक मुंबईचा आणि अखेर महाराष्ट्राचा रहिवासी झाला. त्याच ठाणे जिल्ह्यातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्याच काळात उलट प्रकारची माणसे येऊन राहिली होती: सिंधमधून आलेले निर्वासित, ज्यांना येथे वास्तव्याचा कोणताही पूर्वेतिहास नव्हता आणि ज्यांच्यासाठी घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही तारीख मर्यादा म्हणून घालून दिली. त्या छावणीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. मुरबाडला जाणारा रस्ता कल्याणहूनच निघतो, आणि एका टोकास कित्येक पिढ्यांचे वास्तव्य असून हाती कागद नसलेली माणसे, तर दुसऱ्या टोकास वास्तव्याचा लवलेश नसताना सर्व कागदांनिशी नोंदविलेली माणसे, असा तो विलक्षण रस्ता होता.

इंदूरच्या निर्णयात वाद फीचा होता. पुढे राज्यांनी त्याच तर्काचा आधार घेऊन फीवरून थेट जागांवर मोर्चा वळविला. म्हैसूर राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी दहा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, ती १९७१ मध्ये न्यायालयाने मान्य केली. सत्तरीच्या दशकात अशी स्थिती आली की बहुतेक राज्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या जवळजवळ सर्वच जागा आतल्या विद्यार्थ्यांच्या झाल्या. परराष्ट्रांतील प्रथेशी ताडून पाहिले तर हा फरक लक्षात येतो. अमेरिकेतील राज्यांची विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कितीतरी अधिक फी घेतात, आणि तेथील खटलेही फीवरच झाले. कनेक्टिकट राज्याने अर्ज करतेवेळी बाहेरचा असलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच राहील असे ठरविले होते, तेव्हा १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात हा नियम रद्द केला आणि आपण खरोखर येथले झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्यास मिळालीच पाहिजे असे बजावले. तेथे परक्याला दार उघडे असते, मोल जास्त. येथे मोल सर्वांना सारखे ठेवून दारच बंद करण्याकडे कल राहिला.

हे दार किलकिले करण्याचे श्रेय २२ जून १९८४ च्या प्रदीप जैन खटल्याच्या निकालास द्यावे लागते. न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात राज्यांच्या या वृत्तीवर कठोर शब्दांत टीका केली. भारतीय नागरिकाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा, राज्याचा असा वेगळा अधिवास कायद्यास ठाऊक नाही, असे सांगून त्यांनी वास्तव्यावर आधारलेले आरक्षण एम.बी.बी.एस.साठी सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ नये असा दंडक घातला. पुढे दिनेशकुमार प्रकरणात या प्रमाणात बदल होऊन पंधरा टक्के जागा देशभरच्या स्पर्धेसाठी खुल्या झाल्या, आणि त्यासाठी १९८६ नंतर अखिल भारतीय प्रवेश परीक्षा अस्तित्वात आली. आज ‘पंच्याऐंशी-पंधरा’ म्हणून ओळखले जाणारे सूत्र ते हेच. निकालाने इतके ठाम शब्द वापरूनही सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यातून आणि कचेरीच्या छापील नमुन्यांतून राज्याचा अधिवास हद्दपार झाला नाही. शहापूरच्या तहसील कचेरीत आजही जून महिन्यात मुले ‘डोमिसाइल काढायला’ येतात आणि त्यांच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असे तीन शब्द असतात.

येथवरचा इतिहास साऱ्या देशाचा. महाराष्ट्राचा म्हणून जो विशेष आहे तो राज्याच्या पोटातील विभागांचा, आणि माझ्या मते शहापूर-मुरबाडची खरी गोष्ट तेथेच सुरू होते.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपुरात भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, रामराव देशमुख प्रभृती नेत्यांनी जो करार केला त्यात संयुक्त महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित प्रदेश असे तीन घटक मानून, धंदेशिक्षणाच्या आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांतील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावेत असे कलम होते. भाषिक राज्याच्या स्वप्नासाठी विदर्भाचे मन वळविणे आवश्यक होते आणि नागपूरकरांची शंका रास्त होती: मुंबई-पुण्याच्या शाळांतून निघालेला विद्यार्थी आपल्या मुलाच्या जागी येऊन बसेल. घटनेच्या ३७१ (२) या कलमात तांत्रिक शिक्षणाच्या न्याय्य व्यवस्थेची हमी राज्यपालांच्या विशेष जबाबदारीत घातली गेली ती याच कराराचा वारसा म्हणून. तेथेही घटक तेच तीन राहिले: विदर्भ, मराठवाडा, आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’.

या तिसऱ्या नावाकडे बारकाईने पाहावे. पहिल्या दोघांना स्वतःचा इतिहास, स्वतःची अस्मिता आणि स्वतःचे नेते आहेत; तिसऱ्याची ओळख केवळ पहिले दोन वजा केल्यावर राहिलेली बाकी अशी आहे. या बाकीत मुंबईची गिरणगावे आणि मलबार हिल आली, पुण्याच्या पेठा आल्या, सांगली-कोल्हापूरचे साखर कारखाने आले, खानदेश आला. आणि त्याच बाकीत मुरबाडचे माळशेज घाटाखालचे पाडे, शहापूरची डोंगरकपारीतील ठाकरांची वस्ती, जव्हार, मोखाडा आणि अक्कलकुवा ही येऊन पडली. विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय झाला हे खरे, आणि त्याचे पुरावे आकड्यांत आहेत; परंतु त्या अन्यायाची भरपाई करण्याकरिता जी सीमारेषा आखली गेली तिच्या पश्चिमेस सर्व सुखीच आहेत असे गृहीत धरले गेले. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने राज्यातील विकासाचा अनुशेष मोजला आणि १९८४ च्या अहवालात तो ३,१८६ कोटी रुपयांच्या घरात काढला; तिने मोजमापासाठी जिल्हा हे एकक घेतले. हे विभागाच्या मापापेक्षा सूक्ष्म होते, पण ठाण्यासारख्या जिल्ह्यात ज्या सरासरीत ठाणे, कल्याण आणि उल्हासनगर यांच्या कारखान्यांची भर पडते तीत मुरबाडची उणीव बुडून जाते. तालुका या एककाचाही विचार करणारी डॉ. विजय केळकर यांची समिती यावयास २०११ साल उजाडले, आणि तिच्या अहवालाचे पुढे काय झाले हे ज्यांना राज्यकारभाराची रीत माहीत आहे त्यांना सांगावयास नको.

प्रवेशाच्या नियमांत ही विभागणी अधिक रोखठोक रूपाने उतरली. महाराष्ट्राच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवण्याचा नियम होता. तो निदामर्ती महेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द ठरविला. निकालातील भूमिका लक्षणीय होती. एखादा प्रदेश शिक्षणाच्या किंवा वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने खरोखर मागासलेला असेल तर तेथील विद्यार्थ्यांना मोठे झुकते माप देणे घटनेस मान्य आहे, मात्र ते मागासलेपण सिद्ध करणारी सामग्री पुढे आली पाहिजे, नुसते विद्यापीठाचे नाव पुरेसे नाही, असा तिचा आशय होता. ज्या युक्तिवादावर उद्या मुरबाड तालुका उभा राहू शकला असता, तो या निकालात लिहिलेला होता. पण मुरबाडच्या बाजूने तो वापरावयास कोणी आले नाही. विभागवार वाटणी नव्या रूपात परत आली, आणि राज्याच्या वाट्यातील सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातून बारावी झालेल्यांना व तीस टक्के सर्व राज्याला, असे ७०:३० चे सूत्र पुढे कित्येक वर्षे चालले. अभियांत्रिकीत हीच रीत विद्यापीठाच्या क्षेत्रावर बेतलेली आहे. त्या क्षेत्राच्या विद्यापीठाला सर्व विद्यार्थी ‘होम युनिव्हर्सिटी’ म्हणतात. ठाणे जिल्ह्याचे विद्यापीठ मुंबईचे. शहापूरच्या एखाद्या आश्रमशाळेतून बारावी झालेली मुलगी आणि दादर-माटुंग्याच्या नामांकित महाविद्यालयातून बारावी झालेला मुलगा यांना या नियमाने एकाच घरची भावंडे ठरविले, आणि त्या घरच्या जागांसाठी त्यांची एकमेकांशी स्पर्धा लावली. शहापूरला सोनुभाऊ बसवंतांच्या नावाचे महाविद्यालय झाले, मुरबाडजवळ शिवळ्यास महाविद्यालय झाले, त्यामुळे पदवीपर्यंतचे शिक्षण तालुक्यात आले. परंतु वैद्यकीच्या आणि यंत्रशास्त्राच्या स्पर्धेत गाठ पडावयाची ती मुंबईशीच.

तालुका हे माप शासनाने कधीच वापरले नाही असे मात्र नाही. एके ठिकाणी वापरले, आणि त्याचा इतिहास या भागाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या सुधारित यादीत कातकरी आणि महादेव कोळी यांना क्षेत्राचे बंधन नव्हते. ठाकूर जमातीस मात्र काही जिल्ह्यांच्या नेमक्या तालुक्यांतच अनुसूचित मानले गेले. त्या तालुक्यांत शहापूर आणि मुरबाड यांची नावे होती. कुलाबा जिल्ह्यातील कर्जत, खालापूर, अलिबाग, महाड आणि सुधागड होते. नाशिकचे इगतपुरी, पुण्याचे जुन्नर आणि मावळ होते. जे नव्हते तेथे राहणारा ठाकूर, त्याचे देवक आणि भाषा तीच असली तरी, आदिवासी नव्हता. म्हणजे कर्जत तालुक्याची शीव ओलांडून पनवेलीत जमीन कसावयास गेलेल्या कुटुंबाची मुले शिष्यवृत्तीस आणि राखीव जागेस मुकत. एखादी जमात किती आदिवासी आहे हे तालुक्याच्या सीमेवरून ठरविण्याचा हा प्रकार १९७६ च्या दुरुस्तीने संपला. २७ जुलै १९७७ पासून बंधन उठले. पण एका अन्यायाचे निवारण होताच दुसरा संशय उपजला. ठाकूर हे आडनाव इतर समाजांतही असल्यामुळे, बंधन उठल्यावर राखीव जागांवर नामसादृश्याने हक्क सांगणारे पुढे येऊ लागले, आणि खरा कोण हे ठरविण्यासाठी पडताळणी समित्या, त्यांची दक्षता पथके आणि देवदेवता-चालीरीतींवरील प्रश्न असे एक अवघड यंत्र उभे राहिले. या ‘आप्तभाव चाचणी’स कसोटीचा अंतिम दगड मानता येणार नाही, राज्यघटनेपूर्वीच्या जुन्या नोंदींना अधिक मोल दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निर्णयात स्पष्ट केले, तो खटला लढविणारी संस्थाच मुळी ठाकूर जमातीच्या स्वसंरक्षणासाठी स्थापलेली होती.

जुनी नोंद म्हणजे केवढी जुनी, यालाही तारखा आहेत, आणि त्या तारखा वास्तव्याच्याच आहेत. अनुसूचित जमातीचा दाखला मागणाऱ्याचे पूर्वज ६ सप्टेंबर १९५० रोजी, अनुसूचित जातीचा मागणाऱ्याचे १० ऑगस्ट १९५० रोजी, विमुक्त-भटक्यांचे २१ नोव्हेंबर १९६१ रोजी, आणि कुणबी-आगऱ्यांसारख्या इतर मागासवर्गीयांचे १३ ऑक्टोबर १९६७ रोजी महाराष्ट्राच्या भूमीवर राहत असल्याचे दिसावे लागते. त्या त्या दिवसाला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. या तत्त्वाचा सर्वांत कठोर प्रत्यय मुंबईतच आला. वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी आंध्रातून मुंबईत आलेल्या आणि येथेच शिकलेल्या एका विद्यार्थ्याने शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश मागितला. आंध्रात त्याची जमात यादीत होती, महाराष्ट्रात नव्हती. मर्री चंद्रशेखर राव यांच्या या खटल्यात घटनापीठाने २ मे १९९० रोजी ठरविले की जमातीचा दर्जा माणसाबरोबर राज्याची सीमा ओलांडत नाही.

या सर्व तारखांच्या संदर्भात शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्याचा विचार करावा. तो येथील आदिम जमातींत गणला जातो, आणि त्याच्याइतका या डोंगरांचा जुना रहिवासी शोधून सापडणे कठीण आहे. पण भाताची कापणी संपून दिवाळी झाली की त्याचे कुटुंब भिवंडीच्या, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि मृगाच्या सुमारास परतते. त्याच्या नावे सातबारा नाही, कारण जमीन नाही. त्याच्या आजाचे नाव कोतवाल बुकात चढले नाही, कारण जन्म कोठल्या तरी भट्टीवर झाला. त्याच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला दोन शाळांत विभागलेला आहे. कायद्याला जे वास्तव्य अभिप्रेत आहे ते एका जागी बसून राहणाऱ्याचे वास्तव्य आहे, आणि जमिनीच्या महसुलाभोवती वाढलेल्या आपल्या दप्तराला त्याखेरीज दुसरे ठाऊक नाही. उलट, ज्याच्या घरी खरेदीखते, जमाबंदीचे उतारे आणि तीन पिढ्यांचे दाखले पेटीत जपून ठेवलेले आहेत, तो सेतू केंद्रात अर्धा तास बसून सर्व मिळवितो. वास्तव्याचा नियम मूलतः बाहेरच्यांपासून आतल्यांचे रक्षण करण्यासाठी होता. आतल्यांतही ज्याच्याजवळ कागद आहे त्याचेच तो रक्षण करतो, हे कटू असले तरी नमूद करणे भाग आहे.

सीमेच्या बाबतीत राज्याने औदार्यही दाखविले आहे, आणि ते मराठी माणसाला अभिमानास्पद वाटावे असे आहे. कर्नाटकात गेलेल्या आणि महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या नियमांत महाराष्ट्रीय उमेदवारांचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान आहे. बेळगाव-निपाणीचा मुलगा कायद्याने कर्नाटकाचा रहिवासी, पण महाराष्ट्राच्या प्रवेश-यादीत आपला. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याने जे साधले नाही, ते अभियांत्रिकीच्या माहितीपुस्तिकेतील एका परिच्छेदाने लहान प्रमाणात साधले. राज्याला मनावर घ्यावयाचे असेल तर ते वास्तव्याची व्याख्या किती लवचिक करू शकतो, याचे हे उदाहरण शहापूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

८ सप्टेंबर २०२० रोजी वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधानसभेत ७०:३० चे सूत्र रद्द केल्याची घोषणा केली. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, म्हणून तेथील गुणवान विद्यार्थी अडून राहतात, हे त्यामागील कारण. मराठवाड्यात आनंद झाला, पश्चिमेत कुरबूर झाली. शहापूर-मुरबाडमध्ये यावर काही प्रतिक्रिया उमटली असेल तर ती मुंबईच्या वृत्तपत्रांच्या पानांवर आली नाही, आणि त्यात नवल नाही. ज्या विभागाच्या नावाने जागा राखलेल्या होत्या त्या जागा या तालुक्यांनी आपल्या कधी मानल्याच नव्हत्या. इंदूरच्या निर्णयास सत्तर वर्षे झाली त्या महिन्यात, २९ जानेवारी २०२५ रोजी, चंदीगडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावरून उद्भवलेल्या तन्वी बेहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले, एम.बी.बी.एस.च्या पातळीवरील राज्याचा वाटा त्याने अबाधित ठेवला. म्हणून दाखला, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातील असल्याची अट, आणि तहसीलीतील जूनची गर्दी, सर्व पूर्ववत आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड मात्र ठाणे जिल्ह्यातच राहिले. शहापूर हा सबंध तालुका आणि मुरबाडमधील काही गावे राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्र आहेत. तरी ज्या जिल्ह्यात ती आहेत त्याची ओळख आता बहुतांशी शहरी झालेली आहे. २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली त्यांतील एक, शंभर जागांचे, अंबरनाथला निघाले. मुरबाडपासून इतक्या जवळ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यापूर्वी कधी नव्हते. त्या शंभरांतील पंधरा जागा देशभरच्या यादीतून भरल्या जातात. उरलेल्यांतील सात टक्के अनुसूचित जमातींसाठी असतात, आणि त्यांवर शहापूरचा ठाकूर, नंदुरबारचा भिल्ल आणि गडचिरोलीचा गोंड राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीत नाव लावून उभे राहतात. सापगावचा किंवा मुरबाडचा रहिवासी म्हणून त्या महाविद्यालयात कोणास एकही जागा नाही.